आक्काच्या पायऱ्या आणि हौसेरावांचे मीटर

जुईनगरच्या माथाडी वसाहतीत भिंती पातळ आणि खिडक्या समोरासमोर. कुणाच्या घरी कुरबूर झाली, कुणाच्या कुकरची शिट्टी अडकली, हे सगळ्यांना सारखंच कळतं. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हौसेराव शेलारांच्या घरातून रोज सकाळी सात वाजता एक आकडा मोठ्यानं ऐकू यायला लागला, तेव्हा दोन-चार दिवसांतच तो अख्ख्या इमारतीला पाठ झाला.

"आक्का, पाचशे एकाहत्तर पॉइंट चाळीस."

पलीकडे त्यांची थोरली बहीण बाळाबाई, पाटणच्या डोंगरात धारेवाडीला, स्वतःच्या ओट्यावर बसून हे ऐकायची. तिच्या ओट्यापासून जांभळी नदी साठ पावलांवर. पहिल्या दिवशी तिनं आकडा ऐकून एकदा नदीकडे बघितलं. मग म्हणाली, "हौशा, मी नदीकडं तोंड करून बसलीया. आन् तू मला तिकडनं नदी सांगतोयास व्हय?"

हौसेरावांनी त्या दिवशी फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी पुन्हा फोन लावला.

त्याला कारण होतं. चौतीस वर्षं त्यांनी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलल्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून ते घरी बसले. या चौतीस वर्षांत ते खरंच घाबरले असा प्रसंग त्यांना एकच आठवत होता. काही वर्षांमागच्या पावसात जांभळीचं पाणी धारेवाडीच्या खालच्या आळीत शिरलं होतं आणि आक्काचा फोन दोन दिवस बंद होता. ते दोन दिवस हौसेराव फोन मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसले होते. तिसऱ्या दिवशी आक्काच बोलली. ती दोन शेळ्या घेऊन माळ्यावर बसली होती म्हणे. "मी बरी हाय, शेळ्याबी बऱ्या हायत. तू जेवलास का?" एवढंच तिनं विचारलं होतं. त्यानंतर दर पावसाळ्यात हौसेरावांचं अर्धं लक्ष जुईनगरात आणि अर्धं जांभळीत.

नकाशा त्यांच्या हातात आला तो बायकोमुळे. उज्वला घरगुती कांदा-लसूण मसाला करून विकायची. तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सानपाड्यापासून नेरूळपर्यंतच्या दोनशे बायका होत्या आणि फोन तिच्या हातात लाटण्यासारखा फिरायचा. सानपाड्याला मसाला पोचवायचा होता, म्हणून कुठल्या रस्त्यावर पाणी तुंबलंय ते बघता बघता ती एका सरकारी पानावर जाऊन पोचली. तिथं राज्यातल्या नद्यांचा नकाशा होता आणि नद्यांवर मोहरीच्या दाण्यासारखे ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका. ठिपक्यावर बोट ठेवलं की पाण्याची पातळी आणि मागच्या सात दिवसांची चढउताराची रेघ.

"अहो, इकडं या," ती म्हणाली. "ही बघा तुमची नदी."

धारेवाडीच्या पुलावर एक हिरवा ठिपका होता. हौसेरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. ज्या पुलावरून लहानपणी, आक्काच्या सासरी सुट्टीला जाऊन, त्यांनी नदीत उड्या मारल्या त्या पुलाच्या कठड्यावर आता एक यंत्र बसवलेलं होतं. ते दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजत होतं आणि तो आकडा जुईनगरच्या पहिल्या मजल्यावर येत होता. त्या दिवशी ते जेवायला उठले तेव्हा ताटातली भाकरी गार झाली होती.

आता अडचण अशी की आकडा आला तरी त्याचा अर्थ कुणाला लागेना. बाळाबाईनं चौथ्या दिवशी सरळ विचारलं की हे पाचशे एकाहत्तर काय आहेत. मीटर, हौसेराव म्हणाले. एक मीटर म्हणजे दोन हात, हे बाळाबाईला शिवणकामामुळे माहीत होतं. तिनं मनात हिशेब केला आणि म्हणाली की एवढं पाणी नदीला आलं तर डोंगर बुडेल, तुझं मशीन दारू पिऊन आलंय. हौसेरावांनाही तेच वाटत होतं.

उज्वलानं त्या पानावरची बारीक अक्षरं वाचून काढली. ही उंची नदीच्या तळापासून नव्हती, समुद्रसपाटीपासून होती. त्या संध्याकाळी हौसेराव मार्केटातला जुना मित्र गोटीराम याच्याबरोबर वाशीला सागर विहारला फिरायला गेले होते. समोर खाडीचं मातकट पाणी भरतीनं फुगत होतं. त्यांना एकदम उमगलं की मोजायला सुरुवात इथून करायची. हे पायाशी आहे ते पाणी म्हणजे जवळपास शून्य, आणि आक्काची नदी इथून पाचशे एकाहत्तर मीटर वर, डोंगरात. त्यांनी तिथूनच फोन लावून तिला सांगितलं.

बाळाबाईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी तू तळाला आन् मी वर?"

"व्हय आक्का."

"मग बरोबर हाय तुझं मशीन," ती म्हणाली. "ल्हानपनापासनं तसंच हाय."

त्या दिवसापासून तिचा यंत्रावरचा राग गेला. उलट चुरस सुरू झाली. धारेवाडीला नदीत उतरायला दगडी घाट आहे, एकोणीस पायऱ्यांचा. बाळाबाईचा त्या पायऱ्यांशी लग्न होऊन आल्यापासूनचा संबंध. तिनं सांगितलं की मीटर-बिटर आपल्याला कळत नाही, आपण पायरीनं सांगणार. मग सकाळी सातला भाऊ मीटर सांगायचा आणि बहीण पायरी. "पॉइंट चाळीस," हौसेराव म्हणायचे. "खालनं सातवी बुडाली," बाळाबाई म्हणायची. उज्वलानं एक जुनी शाळेची वही काढून दिली. हौसेराव त्यात तारीख, मीटर आणि पायरी लिहू लागले. पंधरा दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की दोघंही एकच बोलतायत. पाणी एक पायरी चढलं की आकडा वीस सेंटिमीटरनं वाढायचा, बरोब्बर. सातवी म्हणजे पाचशे एकाहत्तर चाळीस, आठवी म्हणजे साठ, नववी म्हणजे ऐंशी. पिवळ्या ठिपक्याची रेषा पाचशे त्र्याहत्तरला होती. ती पंधरावी पायरी. लाल रेषा चौऱ्याहत्तरला, म्हणजे घाट संपून वर मारुतीच्या कट्ट्याला पाणी.

बाळाबाईला हे कळल्यावर ती खूश झाली. सरकारनं एवढा खर्च करून यंत्र बसवलं आणि ते आपल्या पायऱ्यांप्रमाणेच चालतंय, याचा तिला विशेष आनंद झाला.

वसाहतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तिथल्या निम्म्या घरांचं गाव सातारा-कराडच्या कुठल्या ना कुठल्या नदीकाठी. जुईनगर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर हौसेराव सकाळी आठला आले की लोक विचारायचे, आमच्याकडचं काय म्हणतंय. हौसेरावांनी अकरा गावांचे ठिपके पाठ केले. कुणाला एसटीनं जायचं असलं, कुणाला भातलावणीला पोरांना पाठवायचं असलं, तर आधी त्यांना विचारलं जाऊ लागलं. त्यांना लोक 'नदीवाले आबा' म्हणायला लागले. गोणी उचलून मिळालेला मान वेगळा आणि हा वेगळा; हा मान त्यांना मनापासून आवडला, पण चेहऱ्यावर दाखवायचा नाही एवढं त्यांनी पाळलं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी गोटीरामच्या मुलाचा, शिवतेजचा साखरपुडा ठरला होता. मुलगी करंजपेठेची. करंजपेठ जांभळीच्याच काठी, धारेवाडीच्या खाली. मधला फरशी पूल ओलांडला की गाव. पूल म्हणजे नदीवर टाकलेली काँक्रीटची सपाट पट्टी, कठडा नाही. धारेवाडीला पंधरावी पायरी बुडाली की ते पाणी दोन तासांनी फरशीवरून वाहायला लागतं, हे हौसेरावांना लहानपणापासून माहीत. रविवार हा करंजपेठेचा बाजाराचाही दिवस, आणि बाजार भरतो तो नदीकाठच्या मोकळ्या तळावर.

सकाळी साडेसहाला बस निघायची होती. सव्वीस माणसं, नवे कपडे, नारळांची पिशवी, मानाच्या साड्या. गोटीरामनं आदल्या रात्रीच हौसेरावांना बजावलं होतं की सकाळी आकडा सांगा. पण आता त्याच्या स्वतःच्याही फोनवर तो नकाशा होता.

हौसेराव सहालाच उठून बसले. धारेवाडीचा ठिपका हिरवा. पाचशे एकाहत्तर ऐंशी, नववी पायरी. काल संध्याकाळी सातलाही ऐंशीच होता. त्यांनी रेघ मोठी करून पाहिली. काल संध्याकाळपासून आत्तापर्यंत रेघ सरळ होती, दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधावी तशी.

चहा समोर होता, तो त्यांनी घेतला नाही. चाळीस-एक दिवस ते ही रेघ बघत होते. ती कधी खाली खचायची, कधी उचलायची, ऊन पडलं तरी थरथरायची. अकरा तास जागचं न हलणारं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वरचे सगळे डोंगर ढगाखाली असल्याचं पावसाचा नकाशा दाखवत होता, आणि खाली नदी मात्र ढिम्म.

त्यांनी आक्काला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. खाली बसचा हॉर्न वाजला. तिसऱ्यांदा बाळाबाईनं उचलला. ती धारा काढत होती, हात धुवायलाही वेळ द्यायचा की नाही, असं तिनं आधी बोलून घेतलं.

"आक्का, पायरी कितवी?"

"पाचला उठले तवा अकरावी व्हती. आता बारावी गेली. तेरावीला पानी लागायलंय," बाळाबाई म्हणाली. "गढूळ हाय. लाकडं वाहत्यात. तुझं मशीन काय म्हनतंय?"

"नववी."

"झोपलंया ते," बाळाबाई म्हणाली.

हौसेराव चपला न घालताच जिना उतरले. गुडघ्यांचं दुखणं त्यांनी नंतरसाठी ठेवून दिलं. बसच्या दारात गोटीराम फेटा बांधून उभा होता. हौसेरावांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आज जायचं नाही. पाणी तासाला जवळपास एक पायरी चढतंय. साडेनऊच्या सुमाराला पंधरावी जाईल, साडेअकराला फरशीवर पाणी, आणि बस तिथं बाराला पोचणार.

गोटीरामनं खिशातून फोन काढला. "हौसेराव, मॅप हिरवा दाखवतोय. आणि तुम्हीच सांगितलं ना, मॅपवर भरवसा ठेवायचा म्हणून?"

तेही खरंच होतं. हौसेरावांनीच त्याला टपरीवर बसून शिकवलं होतं. त्यात गोटीरामनं मुलीच्या वडिलांना फोन लावला, तर करंजपेठेला नुसती रिमझिम चालली होती. या तुम्ही बिनधास्त, ते म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, मी यापेक्षा मोठ्या पाण्यातनं गाडी काढलीय.  बसमधून सव्वीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. एका बाजूला सरकारचं यंत्र, मुलीचा बाप आणि ड्रायव्हर. दुसऱ्या बाजूला सहासष्ट वर्षांची एक बाई, जिचे हात अजून दुधाचे होते.

"मशीन खोटं बोलत नाही गोटीराम," ते शेवटी म्हणाले. "पण ते कालपासून गप्प बसलंय. माझी आक्का गप्प बसत नाही. मला एक तास दे. तासाभरात मी चुकलो असं निघालं, तर बसचं भाडं मी देतो आणि साखरपुड्यात सगळ्यांसमोर माफी मागतो."

गोटीराम थोडा वेळ त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिला. मग त्यानं ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

नकाशाच्या तळाशी नियंत्रण कक्षाचा नंबर होता. उज्वलानं तो शोधून लावून दिला आणि स्पीकर चालू केला. पहिल्यानं दुसरीकडे जोडलं, दुसऱ्यानं होल्डवर ठेवलं. तिसऱ्या वेळी एका बाईचा आवाज आला. अस्मिता, कनिष्ठ अभियंता. रात्रपाळी संपत आली होती, तरी त्यांनी नीट ऐकून घेतलं. धारेवाडीला पाचशे एकाहत्तर ऐंशी दिसतंय, त्या म्हणाल्या. घाटातल्या केंद्रांना पावसात रेंजचा त्रास असतो, आज चार केंद्रांचे आकडे उशिरा येतायत. तिथलं कुणी बघितलंय का?

"माझ्या बहिणीनं बघितलंय. बारावी बुडाली, तेरावीला पाणी लागलंय. म्हणजे पाचशे बहात्तर चाळीसच्या वर," हौसेराव म्हणाले.

पायऱ्यांचे मीटर कुणी केले, असं अस्मितांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती, पण घाई होती.

हौसेरावांनी वही उघडली. "मॅडम, तुमच्याकडं जुने आकडे असतील ना? मी तारीख आणि पायरी सांगतो. तुम्ही फक्त मीटर ताडून बघा. तीन जुलै, आठवी."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. "एकाहत्तर एकसष्ट."

"नऊ जुलै, सकाळी. अकरावी."

"बहात्तर वीस."

"चौदा जुलै. दहावीची कड."

"बहात्तर," अस्मिता म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "काका, किती दिवसांचं आहे तुमच्याकडे?"

एकेचाळीस दिवसांचं, हौसेरावांनी सांगितलं. अस्मितांनी अजून सहा तारखा विचारल्या. सहाही जुळल्या. मग त्यांच्या आवाजातली घाई गेली आणि वेगळीच आली. बाळाबाईचा नंबर द्या, त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

तो तास वसाहतीला लांब गेला. बसमधली माणसं उतरून नव्या कपड्यांत कट्ट्यावर बसली. शिवतेज कोरी शेरवानी चुरगळू नये म्हणून उभाच होता. उज्वलानं मोठ्या पातेल्यात चहा टाकला. हौसेराव जिन्याच्या पायरीवर फोन घेऊन बसले. चुकलो असलो तर काय, हा विचार एकदाच त्यांच्या मनात आला, आणि तो आला तेव्हाच त्यांना कळलं की आपण चुकलो तर बरंच होईल. माफी मागून मोकळं होता येईल, सगळी सुखरूप असतील. पण आक्का पायरी चुकत नाही.

आठ वाजायच्या आधी अस्मितांचाच फोन आला. बाळाबाईशी त्यांचं बोलणं झालं होतं. चौदावीला पाणी होतं. करंजपेठेच्या तलाठ्यांना आणि पोलीस पाटलांना त्यांनी कळवलं होतं. बाजार शाळेच्या पटांगणात हलवायचा आणि फरशीच्या दोन्ही टोकांना बांबू बांधायचे. बाळाबाईंना दर अर्ध्या तासाला पायरी कळवायला सांगितली आहे. "त्यांनी मला आधी माझं जेवण झालंय का विचारलं," अस्मिता म्हणाल्या. "सकाळी आठ वाजता."

गोटीरामनं फेटा सोडला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो वाद घालत नव्हता. सव्वीस माणसं सकाळी आठला सजून बसलेली, आणि आता दिवसभर करायचं काय हा प्रश्न. तो उज्वलानं सोडवला. तिनं दोन किलो डाळीची पुरणपोळी मांडली, वर आमटी. शेजारणी पोळपाट घेऊन आल्या. नवरदेवाला शेरवानीवर टॉवेल गुंडाळून नारळ खवायला बसवलं.

साडेअकराला मुलीच्या वडिलांचा फोटो आला. फोटोत फरशी नव्हतीच. दोन टोकांना दोन बांबू, आणि मध्ये तपकिरी पाणी, त्यात एक झाड मुळांसकट चाललेलं. खाली त्यांनी लिहिलं होतं की तळावरचा बाजार सगळा शाळेत गेला, एकाचीही पाटी वाहून गेली नाही. गोटीरामनं तो फोटो बराच वेळ बघितला. मग तो उठला, पहिली पोळी तव्यावरून उतरली ती त्यानं हौसेरावांच्या ताटात वाढली आणि वरून तुपाची धार धरली ती सोडेचना. हौसेरावांनी शेवटी हात आडवा केला.

धारेवाडीला दुपारी पाणी सतराव्या पायरीवर जाऊन थबकलं आणि संध्याकाळी उतरायला लागलं. बाळाबाई दिवसभर छत्री घेऊन घाटावर होती. तिच्या ओट्याला पाणी लागलं नाही. मात्र दर अर्ध्या तासाला फोन करून बॅटरी संपली, तेव्हा तिनं पिठाच्या गिरणीत जाऊन मालकाचा फोन ताब्यात घेतला आणि पाणी उतरेपर्यंत परत दिला नाही.

यंत्राचं काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. गावातल्या एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पुलाच्या खांबाला बांधला होता. शनिवारच्या वाऱ्यानं तो सुटला आणि यंत्राच्या सौरपट्टीवर पांघरूण घातल्यासारखा पडला. ऊन मिळेना, जुनी बॅटरी आधीच थकलेली, यंत्र झोपलं. पानावर मात्र शेवटचा आकडाच दिसत राहिला. खात्याच्या माणसानं फ्लेक्स काढला तेव्हा आतून पुढारी हात जोडून हसत होते.

साखरपुडा बुधवारी झाला. बस फरशीवरून कोरड्या चाकांनी गेली. हौसेराव आणि उज्वला सगळ्यात पुढच्या सीटवर होते आणि जाताना धारेवाडीचा थांबा घेऊन आक्कालाही बसमध्ये घातलं. मुलीच्या वडिलांनी तिला व्याह्यांच्या रांगेत बसवलं. ती कुणाची कोण, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही.

ऑगस्टपासून नकाशात एक बदल दिसायला लागला. धारेवाडीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं की यंत्राच्या आकड्याखाली आणखी एक ओळ यायची: 'प्रत्यक्ष निरीक्षण.' त्या ओळीतला आकडा बाळाबाईचा. अस्मितांनी तिला हंगामी निरीक्षक म्हणून नेमलं होतं, महिन्याला थोडं मानधन, एक टॉर्च आणि खात्याचा रेनकोट. रेनकोट तिनं शेळीला घालून बघितला, मग स्वतः घातला. पहिल्या सकाळी हौसेरावांनी सवयीनं सातला फोन लावला आणि पायरी विचारली.

"थांब," बाळाबाई म्हणाली. "सरकारी काम हाय. आदी बाईला सांगते, मग तुला."

हौसेराव पाच मिनिटं थांबले. थांबताना ते एकटेच हसत होते, ते उज्वलानं स्वयंपाकघरातून पाहिलं.

नोव्हेंबरात पाणी तळाला गेलं, तेव्हा अस्मिता स्वतः धारेवाडीला आल्या. पायऱ्यांवर कायमचे आकडे रंगवायचे होते. बरोबर रंगारी आणि मोजणीची दुर्बीण. हौसेरावांना गुडघ्यामुळे जाणं झालं नाही, म्हणून उज्वलानं जुईनगरला फोन भिंतीला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. गोटीरामही येऊन बसला. पडद्यावर घाट दिसत होता, आक्काचा काठ-पदर दिसत होता आणि रंगाऱ्याचा डबा.

रंगाऱ्यानं पहिल्या पायरीवर आकडा घालायला खालचा गाळ ओढला, आणि गाळाखाली आणखी एक दगड निघाला. नीट घडीव, सरळ कडेचा. म्हणजे घाट एकोणीस पायऱ्यांचा नव्हता, वीस पायऱ्यांचा होता.

अस्मिता अडचणीत पडल्या. खालून मोजायचं तर आता सगळेच आकडे एकानं सरकणार होते. हौसेरावांची अख्खी वही, खात्याची चार महिन्यांची ओळ, सगळं. त्यांनी बाळाबाईला तसं समजावून सांगितलं.

बाळाबाईनं खाली वाकून त्या नव्या दगडावर हात फिरवला. पंचेचाळीस वर्षं त्या घाटावर धुणं धुऊनही तो तिला कधी भेटला नव्हता. "माझी पयली ती पयलीच ऱ्हानार," ती उठून म्हणाली. "ही आत्ता आलीया. हिला शून्य घाला."

अस्मितांनी दुर्बिणीतून बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. रंगाऱ्यानं सगळ्यात खालच्या पायरीवर टपोरं पांढरं शून्य काढलं आणि मग एक, दोन, तीन करत वर चढत गेला. जुईनगरला तिघंही ते मन लावून बघत होते.

एकोणीसपर्यंत जाऊनही डब्यात रंग शिल्लक राहिला. बाळाबाईनं रंगाऱ्याला तसं जाऊ दिलं नाही. तिनं त्याच्याकडून आपल्या ओट्याची कडही रंगवून घेतली. अस्मिता त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या तेव्हा आत जेवायला बसल्या होत्या, आणि ताटात तिसरी भाकरी पडत होती.